कमाटीबाग ते पुष्पबाग: बडोद्यात पहिल्यांदा कला बघायला येणाऱ्यांसाठी

बडोद्यात चित्रं-शिल्पं बघायला येणाऱ्यांची पहिली गफलत ‘म्युझियम’ या एका शब्दाने होते. रिक्षात बसून नुसतं ‘म्युझियम’ म्हटलंत तर रिक्षावाला तुम्हाला सयाजीबागेत, म्हणजे इथल्या बोलीत कमाटीबागेत, नेऊन सोडणार. तिथे आहे बडोदा म्युझियम आणि पिक्चर गॅलरी. राजा रविवर्म्याची चित्रं बघायची असतील तर तुम्हाला हवं आहे महाराजा फतेहसिंह म्युझियम, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं. तेव्हा रिक्षात पूर्ण नाव सांगा. आणि ज्यांना आजची, म्हणजे गेल्या साठ-सत्तर वर्षांतली कला बघायची आहे त्यांचा मुख्य मुक्काम या दोन्ही ठिकाणी नाही. तो आहे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत, पुष्पबागेत. तिन्ही जागांना झाडांची साथ आहे, आणि आखणी करताना ती झाडंही हिशेबात धरायची आहेत.

कारण असं की दालनात सलग बघत राहिलं की चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत डोळे थकतात. माणूस पुढे चालत राहतो, पाट्या वाचत राहतो, पण बघणं थांबलेलं असतं. बहुतेक जण याला ‘आपल्याला कलेतलं कळत नाही’ असं नाव देतात. खरं तर पाय आणि डोळे दमलेले असतात. म्हणून साधा हिशेब ठेवा: चाळीस मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर झाडाखाली, पुन्हा चाळीस मिनिटं आत. एका दिवसात अशा चार फेऱ्या पुष्कळ झाल्या. पाचवी ओढूनताणून करू नका.

दिवस कोणता

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. बागेत सकाळी नऊनंतर बसवत नाही आणि जुन्या इमारतींची दालनंही तापतात. पावसाळ्यात बाग हिरवीगार असते, पण विश्वामित्री नदी बागेतूनच वाहते आणि मोठ्या पावसात पात्राबाहेर येते. 2024च्या ऑगस्टमध्ये तर शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरलं होतं. त्यामुळे जुलै ते सप्टेंबरमध्ये येणार असाल तर तिकीट काढण्याआधी आठवडाभराच्या पावसाचा अंदाज बघा.

सोमवार टाळा. फतेहसिंह म्युझियम आणि राजवाडा दोन्ही सोमवारी बंद असतात. सरकारी सुट्ट्यांना कमाटीबागेतल्या म्युझियमचं दार उघडं असेलच असं धरून चालू नका. आदल्या दिवशी फोन करून विचारा. 14 आणि 15 जानेवारीला उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, असतं. त्या दोन दिवसांत अख्खं बडोदं गच्चीवर असतं, रस्त्यावर मांजा लोंबत असतो, आणि दुचाकीवरून फिरणं धोक्याचं असतं. नवरात्रात दिवसा काही अडत नाही, पण संध्याकाळी सहानंतर गरब्याची वाहतूक सुरू होते, म्हणून पाचच्या आत मुक्कामी पोहोचा. रविवारी बागेत अर्धं शहर असतं. मंगळवार ते शुक्रवार यांतला कुठलाही वार उत्तम, आणि फाइन आर्ट्सला जायचं तर कामाचा वारच लागतो.

स्टेशनवरून बागेत

मुंबईकडून रात्रीची गाडी धरली तर पहाटे बडोद्याला उतरता येतं, आणि हे वेळापत्रक त्याच बेताने आखलं आहे. स्टेशनला दोन बाजू आहेत: एक अलकापुरीची, दुसरी सयाजीगंजची. सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा. तिथून बाग चालत पंधरा-वीस मिनिटांवर. वाटेत विद्यापीठाच्या आर्ट्स फॅकल्टीचा मोठा घुमट दिसेल. त्याच्याकडे मान वर करून दोन मिनिटं अवश्य थांबा. सामान जड असेल तर आधी ते मुक्कामी किंवा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. म्युझियममध्ये मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, आणि बागेत पाठीवर ओझं घेऊन फिरलात तर दालनात शिरण्याआधीच दमाल.

बागेच्या एका दाराशी सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ कांस्यपुतळा आहे. शहर त्याला ‘काळा घोडा’ म्हणतं, आणि चौकही त्याच नावाने ओळखला जातो. शिल्प कसं बघायचं याचा पहिला धडा इथेच घ्या. समोर उभं राहून फोटो काढला की झालं, असं करू नका. चौथऱ्याभोवती सावकाश पूर्ण प्रदक्षिणा घाला. घोड्याचं वजन कुठल्या पायांवर आहे, स्वाराची पाठ किती ताठ आहे, लगाम कुठे ताणलेला आहे, हे बाजूने आणि मागूनच कळतं. वाहतूक वाढण्याआधी, सकाळी साडेसात-आठला हे जमतं.

बाग 1879 सालची, शंभराहून अधिक एकरांची. तिसऱ्या सयाजीरावांनी ती लोकांसाठी वसवली आणि पुढे तिच्यातच म्युझियम बांधलं. सबंध बाग फिरायचा हट्ट नको. बँडस्टँड आणि फुलांचं घड्याळ बघून म्युझियमच्या बाजूला वळा आणि सावलीत बसून न्याहारी उरका. नदीच्या उतारावर मात्र उतरू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत, शहराच्या मधोमध, आणि काठावर उन्हं खात पडलेली मगर दगडासारखीच दिसते. पुलावरून बघा. पावसाळ्यानंतरच्या दोन महिन्यांत डासही फार असतात, तेव्हा लांब बाह्यांचे कपडे घाला.

मुलं बरोबर असतील तर क्रम अजिबात बदलू नका: आधी म्युझियम, मग प्राणिसंग्रहालय. उलटं केलंत तर म्युझियमच्या दारात पोहोचेपर्यंत मुलं पेंगुळलेली असतात आणि दिवस तिथेच संपतो.

बडोदा म्युझियम आणि पिक्चर गॅलरी

दार साधारण साडेदहाला उघडतं आणि पाचला बंद होतं. उघडताक्षणी जा, कारण अकरा-साडेअकरानंतर शाळांच्या सहली येतात. सुटे पैसे जवळ ठेवा. तिकीट घेतानाच फोटोबद्दल विचारा: मोबाइल चालतो का, वेगळे पैसे पडतात का. फ्लॅश कुठेच वापरू नका. जुन्या रंगांना प्रकाश जपूनच द्यावा लागतो. शिवाय वार्निशवर आणि काचेवर फ्लॅशचा नुसता पांढरा डाग उमटतो, चित्र येतच नाही.

म्युझियम 1894चं. आराखडा मेजर मँट आणि चिझम या वास्तुकारांचा, ज्यांची नावं लक्ष्मीविलासशीही जोडलेली आहेत. पिक्चर गॅलरीचं बांधकाम 1908मध्ये सुरू होऊन 1914मध्ये संपलं, पण ती उघडली 1921मध्ये. मधे पहिलं महायुद्ध आलं आणि युरोपात घेतलेली चित्रं इकडे यायला वेळ लागला.

इथला संग्रह अवाढव्य आणि सरमिसळ आहे. निळ्या देवमाशाचा सुमारे 70 फुटी सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे, कापड, हस्तिदंत, युरोपियन तैलचित्रं आहेत. सगळं बघायला गेलात तर काहीच लक्षात राहणार नाही. मुलांना आधी देवमासा आणि ममी दाखवून टाका. त्यांच्या मनात तेच असतं आणि ते झाल्याशिवाय ती दुसरीकडे बघत नाहीत. मोठ्यांनी मात्र आपला वेळ दोनच ठिकाणी खर्च करावा असं आमचं स्पष्ट मत आहे: अकोट्याच्या कांस्यमूर्ती आणि पिक्चर गॅलरी.

अकोटा, अकोला नव्हे. आज अकोटा बडोद्याचीच एक वस्ती आहे. तिथे 1951मध्ये जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. मूर्ती लहान आहेत, आणि गडबडीत जाणारा माणूस त्यांच्यासमोरून दहा सेकंदांत पुढे सरकतो. तसं करू नका. या मूर्ती मेण वितळवून ओतायच्या पद्धतीने घडवतात: आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा लेप, मग तापवून मेण बाहेर, आणि त्या पोकळीत धातू. माती फोडूनच मूर्ती बाहेर येते, त्यामुळे त्याच साच्यातून दुसरी काढता येत नाही. जीवंतस्वामीची मूर्ती शोधा. हा दीक्षा घेण्याआधीचा महावीर, मुकुट आणि दागिन्यांसह. एरवी तीर्थंकर निरलंकार दिसतात, म्हणून हा राजपुत्र वेगळा उठून दिसतो. मग चामरधारिणी, म्हणजे चवरी ढाळणारी स्त्री, बघा: कमरेचं वळण, वस्त्राची चुणी, हाताचा डौल. गुडघे वाकवून डोळे मूर्तीच्या डोळ्यांच्या पातळीला आणा. वरून बघितलेली लहान मूर्ती खेळण्यासारखी भासते. समोरासमोर आलात की तिची उंची विसरायला होतं. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल तर एक पाऊल बाजूला व्हा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

पिक्चर गॅलरीत फक्त सहा चित्रं निवडा. आधी संपूर्ण दालनातून न थांबता एक चक्कर मारा, पाच मिनिटांची. ज्या चित्रांकडे मान आपोआप वळली ती मनात ठेवा आणि दुसऱ्या चक्करीत फक्त त्यांच्यापाशी थांबा. अंतराचा ढोबळ नियम: चित्राचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण जेवढा, त्याच्या दुप्पट लांब आधी उभे राहा; मग हातभर अंतरापर्यंत जवळ या; मग पुन्हा मागे जा. पाटी शेवटी वाचा. पाटी आधी वाचली की डोळे चित्रात फक्त पाटीतलं शोधत बसतात.

दुपार: फतेहसिंह म्युझियम

बारा-साडेबाराला बाहेर पडा आणि जेवा. शेव-उसळ इथली खास, मिसळीच्या वळणाची पण चवीला वेगळी, आणि झणझणीत. पुढे दालनात दोन तास काढायचे असतील तर तर्री बेतानेच घ्या.

फतेहसिंह म्युझियम 1961 साली सुरू झालं, राजघराण्यातल्या मुलांसाठी बांधलेल्या शाळेच्या इमारतीत. इथलं तिकीट वेगळं, राजवाड्याचं वेगळं. दोन्ही एका दुपारी करायचा मोह होतो. राजवाड्याचा ऑडिओ गाइड नीट ऐकायचा तर दीड तास सहज जातो. कला बघायला आला असाल तर म्युझियम आधी, राजवाडा वेळ उरला तर.

इथे रविवर्मा. मराठी घरांत त्याची लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला छापील रूपात इतकी मुरलेली आहेत की मूळ तैलरंगासमोर उभं राहिल्यावर प्रथम ‘हे तर बघितलंय’ असंच वाटतं. त्या वाटण्यावर विसंबू नका. घरातलं चित्र होतं ओलिओग्राफ: एकेका रंगासाठी वेगळा दगड, त्यावरून छपाई, वरून वार्निश. रविवर्म्याचा छापखाना 1894मध्ये मुंबईत घाटकोपरला निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्रं छापून घरोघरी पोहोचवावीत ही सूचना त्याला करणाऱ्यांत बडोद्याचे दिवाण राहिलेले टी. माधवराव होते, म्हणजे त्या छापील लक्ष्मीच्या कहाणीतही बडोदं आहेच.

मूळ चित्रात बघण्यासारख्या तीन गोष्टी. एक, जर. जवळून काठ म्हणजे पिवळे-तपकिरी फटकारे आणि मोजके पांढरट ठिपके. सहा फूट मागे गेलात की तीच जर चमकते. दोन, नेसण. नऊवारीचे काष्टे, पदराचा पडलेला भार, कापड सुती की रेशमी, हे तो रंगाने सांगतो. आजी बरोबर असेल तर तिला विचारा, ती तुम्हाला पाटीपेक्षा जास्त सांगेल. तीन, सावल्या. छपाईत सावली एकरंगी काळसर होते. तैलरंगात तिच्यात तांबूस, हिरवट, निळसर छटा असतात. या तीन गोष्टी दोन चित्रांत शोधल्यात तरी दुपार सार्थकी लागली.

मध्ये एकदा बाहेर येऊन आवारात बसा. राजवाड्याच्या बागांची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानतज्ज्ञाची.

आजची कला: पुष्पबाग

दुसरा दिवस हाताशी असेल तर तो इथे द्या. एकच दिवस असेल आणि समकालीन कलेचीच ओढ असेल तर पहिल्या दिवशीची दुपार फतेहसिंहऐवजी इथे घालवा. कमाटीबागेपासून हे जवळ आहे.

फाइन आर्ट्स फॅकल्टी 1950मध्ये सुरू झाली. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे शिकवायला आले. बेंद्रे इंदूरचे, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले. शंखो चौधुरी शिल्पकला शिकवत. पुढे के. जी. सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, नसरीन मोहमदी अशी माणसं इथे शिकवती झाली, आणि सनदी लेखापालाची नोकरी करत चित्रं काढणारा भूपेन खख्खर याच शहरात राहिला. यांतली एक-दोन नावं निवडून येण्याआधी त्यांची पाच-सहा चित्रं इंटरनेटवर बघून या. नसरीनच्या बारीक रेघा आणि भूपेनच्या चित्रांतले दुकानदार मनात असले की इथल्या विद्यार्थ्यांची कामं परकी वाटत नाहीत.

ही फॅकल्टी म्हणजे चालतं कॉलेज आहे, तिकीट काढून बघायची जागा नव्हे. त्यामुळे पायऱ्या अशा:

1. आधी फॅकल्टीच्या कार्यालयात फोन करा किंवा ईमेल पाठवा. किती जण, कुठल्या दिवशी, काय बघायचंय ते लिहा. चार-पाचांचा गट सोयीचा.
2. फाटकावर ओळखपत्र दाखवून नोंद करा.
3. एखादं प्रदर्शन चालू आहे का ते तिथेच विचारा, आणि असेल तर आधी ते बघा.
4. स्टुडिओच्या दारात थांबा, विचारा, मगच आत जा. ओली माती, भट्टी, आम्लाच्या टाक्या आणि छपाईयंत्रं आसपास असतात. लहान मुलांचा हात सोडू नका.

वर्षाअखेरीस, एप्रिल-मेच्या सुमारास, विद्यार्थ्यांच्या कामाचं वार्षिक प्रदर्शन भरतं. ऊन भाजून काढतं, पण समकालीन कलेत नवख्या माणसासाठी बडोद्यात याहून चांगली संधी नाही, कारण बहुतेक कामाशेजारी ते करणारा मुलगा किंवा मुलगी उभी असते. सकाळी जा. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारलंत की समोरचा अवघडतो. ‘हे कशाचं केलंय?’, ‘सुरुवात कुठून झाली?’, ‘यातलं काय जमलं नाही?’ असं विचारा. गप्पा अर्धा तास चालतील. 1961पासून इथे फाइन आर्ट्स फेअरचीही परंपरा आहे, शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेली खेळणी, छापचित्रं, मातीच्या वस्तू विकायची. तो दर वर्षी भरत नाही, म्हणून चौकशी करा.

काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. छापचित्राच्या खाली पेन्सिलीने ‘7/20’ लिहिलेलं असतं, म्हणजे एकूण वीस छाप काढले आणि हा सातवा. ‘ए/पी’ असेल तर ती कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. ही नक्कल नव्हे, प्रत्येक छाप मूळच मानतात. व्हिडिओ असेल तर तो सुरुवातीपासून एक फेरी पूर्ण होईपर्यंत बघा. मधूनच दोन मिनिटं बघून कुठल्याच व्हिडिओला न्याय मिळत नाही. खोलीभर मांडणी असेल तर आत चालता येतं का ते विचारा, जमिनीवरच्या तारा आणि खडूच्या रेघा ओलांडण्याआधी. आवारातल्या शिल्पांना हात लावू नका, टेकून फोटो काढू नका. हाताच्या घामातल्या क्षारांनी धातूवर डाग पडतात, आणि दगडाचे कोपरे हजार हातांनी गुळगुळीत होतात.

तासाभराच्या दोन जागा

काळ्या घोड्याहून विश्वामित्रीचा पूल ओलांडला की कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याचं हे स्मारक 1936चं. आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा (टागोरांचं नाटक), अभिमन्युवध. 1939 ते 1946 या काळात ती टप्प्याटप्प्याने झाली. हे खासगी स्मारक असल्याने आत जायला मिळेल का ते आधी विचारून घ्या. मिळालं तर भिंतीवरची गोष्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत वाचा.

रावपुऱ्याकडे तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बडोद्याचे दिवाण होते. आज वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. भिंती चित्रांनी भरलेल्या: कृष्णलीला, महाभारत, मराठे आणि इंग्रजांच्या लढाया. जिने अरुंद आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. आत उजेड कमी, म्हणून दुपारी बारा ते तीनमध्ये जा आणि डोळे सरावायला दोन मिनिटं द्या.

पिशवीत काय

माणशी एक लिटर पाणी, दालनाबाहेर प्यायचं. चित्रं उतरवायची असतील तर पेन्सिल आणि छोटी वही. पेन किंवा स्केचपेन नको, शाईचा डाग भिंतीवरून किंवा कापडावरून निघत नाही. मऊ तळाच्या चपला किंवा बूट, कारण फरशीवर उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त दमवतं. ज्येष्ठांसाठी तिकीटखिडकीवरच विचारा: बसायची सोय कुठल्या दालनात, पायऱ्या कुठे, व्हीलचेअर मिळते का. परतीची गाडी संध्याकाळी सातनंतरचीच घ्या. पाचला दार बंद झाल्यावर बागेत तासभर बसून वहीत निवडलेली सहा चित्रं आठवणीने काढून बघायला तेवढा वेळ लागतो.